दोन गुणांची अतिशयोक्ती

मला मासे धरता येत नाहीत, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण कचऱ्यावर भाषण देता येतं, आणि ते पेढी नदीतल्या माशांनासुद्धा पाठ झालं होतं.

अठ्ठावन्न साली मी वलगावला मास्तर होतो. दर रविवारी गळ घेऊन नदीवर बसायचो आणि गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला बजावायचो, "नदीत घाण करू नका रे!"

एका रविवारी नदीवर जाळं टाकणारा संपत भोई समोर येऊन उभा राहिला. हातात कणकेनं माखलेला कागद. गळाला लावायची कणीक मी त्यातच बांधून आणली होती, आणि ती संपल्यावर कागद सवयीनं मागं भिरकावला होता.

"मास्तर, मले वाचता येत नाही. काय लिवलं हाय, सांगा बरं."

चौथीतल्या एका मुलीचा जुना निबंध होता. मी वाचलं, "गळ टाकणारे लोक कागद नदीवरच फेकून जातात."

"खरं लिवलं पोरीनं. अन हे लाल शाईनं काय हाय?"

घसा खाकरून मी माझाच शेरा वाचला, "अतिशयोक्ती. दोन गुण वजा."

संपत हसलासुद्धा नाही. "तिचे दोन मार्क तिले वापस करा. अन धोतर खोचून खाली उतरा. लाल शाईवाले लय कागद बाभळीत लटकून राह्यले."

त्या दिवशी मासा एकही मिळाला नाही. चौथीचा अर्धा वर्ग मात्र मी थैलीत भरून घरी नेला.