एक दिवस आधीची ईद

हाफिज : पण दाऊदबाबा, बारा दिवसांपूर्वी याच मशिदीत तुम्ही साक्ष दिलीत. ईदचा चंद्र दिसला, असं माझ्यासमोर म्हणालात.

दाऊदबाबा : दिसलाच होता, हाफिजसाब. फक्त डोळ्यांनी नाय.

हाफिज : मग कशानं?

दाऊदबाबा : किनाऱ्यावर जिक्र करत, अल्लाचं नाव घेत बसलो होतो. वर काळे ढग. एकदम छातीत उजेड पडला, नि त्यात कोर. इतकी साफ, की हात लावावा. मी उठलो नि सांगत सुटलो.

हाफिज : बाबा, दिलात आलेलं ज्याच्या दिलात आलं त्याच्यापुरतं. त्यावर तुम्ही चार नमाजा जास्त पढा, कोण अडवतोय? पण त्यावर अख्ख्या मोहल्ल्याचा रोजा सुटत नाही. चंद्राला डोळेच लागतात. तेही दोघांचे.

दाऊदबाबा : मुनाफ होता की दुसरा साक्षीला.

हाफिज : मुनाफ तुमचा मुरीद, तुमचा चेला! काल त्याला विचारलं, कोर कुठल्या बाजूला होती? म्हणतो, "बाबांना दिसली म्हणजे मला दिसलीच."

दाऊदबाबा : गाढव हाय तो. मीच बनवला. पण हे तुमी त्याच सांजेला का नाय विचारलं?

हाफिज : तुमच्यासमोर विचारायची हिंमत झाली नाही. तेवढं पाप माझं.

दाऊदबाबा : दुसऱ्या दिवशी बोईसर, पालघर, सगळीकडं रोजा. आमची पोरं अत्तर लावून कामावर गेली, तर तिथले रोजेदार म्हणाले, "तुम्हारा चाँद कौनसी कंपनी में बनता है?" पोरं भांडली. माझ्यासाठी भांडली.

हाफिज : तो एक रोजा सगळ्यांना भरून द्यावा लागेल. जुम्म्याला मी सांगतो, खबरदारी म्हणून एक रोजा ठेवा.

दाऊदबाबा : खबरदारी नको. मी उभा राहून सांगतो, मी चंद्र पाहिला नव्हता.

हाफिज : लोक तुमच्या गुरूंना, पीरसाहेबांनाही बोलतील.

दाऊदबाबा : त्यांना काय दिसायचं ते त्यांनी कवा कुणाला सांगितलं नाय. बोललो मी. लोक हात चुंबायचे, ते गोड लागलं मला.

हाफिज : जुम्म्याला तीन दिवस आहेत. असे धापा टाकत आजच का आलात?

दाऊदबाबा : बाकीचे रोजा भरून देतील. सकीनाआपा कशी देणार?

हाफिज : तुमची बहीण... कालच दफन केलं आपण.

दाऊदबाबा : सात वर्षांची होती तवापासून एक रोजा सोडला नव्हता. त्या सांजेला पडवीतून वर बघत म्हणाली, "मला तर नुसते ढग दिसतात." मी ओरडलो, "तुझे डोळे दुनियेचे हायत."

हाफिज : तिच्यावर गुनाह नाही, बाबा. तिनं भावावर विश्वास ठेवला. आणि आपल्या शाफई मसलकात, आपल्या पंथाच्या नियमात, मेलेल्या माणसासाठी घरचा माणूस रोजा ठेवू शकतो.

दाऊदबाबा : उद्याच ठेवतो. पण तिनं विचारलं होतं, हाफिजसाब. ईदच्या सकाळी, शीरखुर्म्याची वाटी हातात धरून. "दाऊद, खरंच दिसला ना रे?"

हाफिज : तुम्ही काय म्हणालात?

दाऊदबाबा : म्हटलं, आपा, खा. थंड होतोय.