पन्हाळ्याच्या चढावर घेतलेली गाडी

माझ्या जुन्या गाडीला हसताय, पण ती कशी घेतली ते ऐका की.

माझी बदली रत्नागिरीला झाली. जायच्या आधी गाडी घ्यायचं ठरलं. नवरा, संदीप, नवीनच घेऊ म्हणत होता. मला जुनी हवी होती, कारण मी नुकतीच चालवायला शिकले होते. नव्या गाडीला ओरखडा पडला असता, तर हा आठवडाभर जेवला नसता.

शाहूपुरीतल्या एका काकांना गाडी विकायची होती. गाडी चढावर कशी चालते ते बघायला, त्यांना मागं बसवून आम्ही तीच गाडी घेऊन पन्हाळ्याला निघालो. संदीप चालवत होता. ऐन चढावर पुढची एसटी थांबली, आम्हीही थांबलो. निघताना गाडी बंद पडली. त्यानं सुरू केली, ती पुन्हा बंद.

"बघितलंस? रत्नागिरीच्या वाटेवर आंबा घाटात रडवेल ही," संदीप म्हणाला.

"पावणं, गाडीत काय दोष न्हाय वो!" काका कळवळले.

"मी बघू?" मी विचारलं.

"तू?" संदीप हसला, पण उतरला.

मागून हॉर्न सुरू झाले. मी स्टिअरिंगवर बसले. हँडब्रेक ओढलेला ठेवून क्लच अलगद सोडला, गाडीनं जोर धरताच हँडब्रेक खाली केला, आणि गाडी जराही मागं न सरकता वर निघाली.

वर पोचल्यावर काका म्हणाले, "ताई, गाडी तुमालाच देतो. फकस्त ह्यांच्या हातात देऊ नका!"

संदीपनं मुकाट्यानं मागचं दार उघडलं आणि आत बसून म्हणाला, "चला मॅडम, घरी सोडा."