एक अळी आणि सगळा वर्ग

कॅप्टन : म्हणजे नाहीच देणार?

पंडित : नकाराला आणखी किती अलंकार चढवू? नाही.

कॅप्टन : अरे, एका पानाचं तर चित्र! संध्याकाळपर्यंत दिलं नाही तर बाई परीक्षेला बसू देणार नाहीत. अख्खं वर्ष पाण्यात! खोलीतल्या मित्राचं वाटोळं बघवेल तुला?

पंडित : बघवणार नाही, म्हणूनच सकाळपासून सांगतो आहे. खाली अंगणात झाड उभे आहे, वर तू आडवा आहेस. मध्ये केवळ एक जिना आहे.

कॅप्टन : मागच्या वेळी दिलंस की!

पंडित : दिले नव्हते. मी आंघोळीला गेलो असता तू उचललेस, आणि तुझ्या औदार्याने ते वर्गभर फिरले.

कॅप्टन : मग काय बिघडलं?

पंडित : माझ्या पानाला अळीने भोक पाडले होते. मी दिसले तसे काढले. तुम्ही सर्वांनी तेच भोक, त्याच जागी, परम श्रद्धेने काढले!

कॅप्टन : आम्हाला वाटलं, पानाचा अवयवच आहे. ठोंब्यानं तर बाण काढून नावही दिलं, 'श्वसनद्वार'!

पंडित : बाईंनी विचारले, "ही एकटी अळी इतकी पाने फिरली कधी?" सर्वांत आधी हसलास तू. भोक खरे होते ते माझे एकट्याचे, तरी शून्य मलाही मिळाले.

कॅप्टन : त्याचा राग काढतोयस होय?

पंडित : राग असता तर आज मुकाट्याने चित्र दिले असते. याही पानावर डाग आहे.

कॅप्टन : सगळे तुला दगड म्हणतात. मी वेडा, तुझी बाजू घेतो!

पंडित : दगड तर दगड. फांदी उंच आहे, हा दगड ती वाकवून धरील. ऊठ.

कॅप्टन : मला चित्र येत नाही रे. बाई हसतील.

पंडित : हसू देत. निदान तुझ्या पानाला हसतील.

(अंगणातला बाक. कॅप्टनच्या मांडीवर फळी, फळीवर कागद आणि नुकतंच तोडलेलं पान.)

कॅप्टन : डोकं काढ, सावली पडतेय. ए, ही मधली शीर टोकाशी दुभंगलीय. तुझ्या चित्रात अशी नव्हती.

पंडित : माझ्या पानात नव्हती.

कॅप्टन : मग काढू?

पंडित : मला काय विचारतोस? पानाला विचार.

कॅप्टन : हं... पंडित, जरा या बाजूला सरकून बस.

पंडित : का? पुन्हा सावली पडली?

कॅप्टन : नाही. ठोंब्या येतोय, कोरा कागद घेऊन.