काडीला काय कळतंय?

...नाही, तुम्हीच सांगा, अडतीस वर्षं मी माझ्या शिराझच्या वेलांखाली उभा राहतो, एक द्राक्ष तोंडात टाकतो, साल चावतो, बी फोडतो, थुंकतो आणि म्हणतो 'गुरुवार', की गुरुवारी तोडणी, अख्ख्या बारोसा खोऱ्यात कुणाची टाप नव्हती 'का?' विचारायची, आणि यंदा वाइनरीनं कुणाला पाठवलं? टेगनला. वय सव्वीस, हातात काडी. आइस्क्रीमची असते ना, तेवढीच. टोकाला कार्बनचा काळा ठिपका, त्यावर द्राक्षाच्या रसाचा थेंब टाकायचा, बारीकशी वीज सोडायची, की सालीबियांतली तुरट द्रव्यं, ती फिनॉलं का कोण, ती म्हणे विजेला जाब देतात आणि फोनवर आकडा येतो. तुरटपणाचा आकडा! अहो, तुरट म्हणजे काय हे काडीला काय कळतंय?

"एकतीस," टेगन म्हणाली. "साठ हवेत, एर्विन. सोमवारपर्यंत थांबू या."

"अगं बाई, शुक्रवारी बेचाळीस डिग्री ऊन सांगितलंय, मनुका होतील."

"मग गुरुवारी तोडा. पण तुमच्या वेगळ्या पिंपात नाही जाणार, सगळ्यांच्या टाकीत जाईल."

सगळ्यांच्या टाकीत... पणजोबानं लावलेले वेल आहेत हो ते, बाटलीवर आमच्या मळ्याचं नाव असतं, आणि ही काल आलेली पोरगी ते पुसणार, कशावरून, तर काडीवरून!

मग मी... आता हसू नका. बोलता बोलता तीच म्हणाली होती, की रसात व्हिटॅमिन सी गेलं तर काडी फसते, कारण तेही विजेला जाब देतं. हुल्डाच्या, म्हणजे आमच्या बायकोच्या, सर्दीच्या गोळ्या खिशात होत्याच. टेगन पाणी आणायला गाडीकडे वळली, मी टाकली एक तिच्या रसाच्या पेल्यात. ती फसफसणारी निघाली, त्याला मी काय करू?

"एर्विन, रस उकळतोय."

"ऊन किती आहे बघ ना."

"संत्र्याचा वास येतोय."

आणि तिनं पुन्हा मोजलं तेव्हा आकडा? चारशे बारा. बघा, म्हणजे सर्दीची गोळी आणि शिराझ यातला फरक कळत नाही, काडीला काय कळतंय?

तिनं पेला धुतला, नवी द्राक्षं चिरडली. एकतीस. ओरडली नाही, वाइनरीला फोन केला नाही, नुसतं एक द्राक्ष माझ्यापुढे धरलं. "तुम्हीच चावून सांगा."

चावलं. आता खरं सांगतो, हे हुल्डालाही ठाऊक नाही... काही लागलंच नाही. गेल्या हिवाळ्यात तापानं पडलो, तेव्हापासून जिभेला काहीच लागत नाही. हुल्डाचं सॉसेज खातो, 'फक्कड झालंय' म्हणतो, तोंडात मात्र ओला पुठ्ठा. उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी आलं हो, तेही त्या पोरीसमोर, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गुरुवार ना?" तिनं हळूच विचारलं.

"सोमवार," मी म्हटलं.

शुक्रवार कसा काढला ते माझं मला माहीत, दिवसभर वेलांना पाणी घालत फिरत होतो. म्हातारे वेल, मुळं खोल, तगले. सोमवारी काडी म्हणाली बासष्ट, तोडणी झाली, माल आमच्या पिंपात गेला. तर वाइनरीचा मालक ग्रँट, सगळ्या तोडणीवाल्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो कसा, "टेगन, शीक जरा. एर्विनची जीभ सोमवार म्हणाली, सोमवारीच पिकली. काडीला काय कळतंय?"

सगळे हसले. मला घाम फुटला. म्हटलं, आता ही सांगणार, गोळी सांगणार, जीभ सांगणार... आणि ती? "खरंय, ग्रँट," म्हणाली आणि काडी पुसत बसली.

असल्या माणसाशी धड भांडताही येत नाही हो. मनापासून राग येतो मला तिचा, अजूनही येतो. पण पुढच्या मार्चात, तोडणीच्या वेळी, ग्रँटनं विचारायच्या आत मलाच तिला गुपचूप फोन करून विचारावं लागणार, की बाई, माझी जीभ यंदा काय म्हणतेय?