अनोळखी खातं

हॅलो?… हॅलो? हं, आता येतोय आवाज. बोल.

नाही गं, दुकान बंद करून जेवायला आलोय. दोन चष्मे द्यायचेत संध्याकाळी, बाकी काही नाही. तिकडे आत्ता पहाट ना? ड्यूटीवर निघायचंय?

आई, तुझी सूनच आहे… हो, विचारतो. आई विचारतेय, जेवलीस का… पहाटे कोण जेवतं, हो. सांगतो मी तिला. रोजच सांगतो.

हं… सर्टिफिकेट? कसलं?… अच्छा, इथल्या हॉस्पिटलचं. नर्स होतीस तेव्हाचं, अनुभवाचं… आजच पाहिजे?

म्हणजे तू नव्या करारावर सही करणारेस. आणखी दोन वर्षं… नाही, मी कुठे काय म्हटलं? ठरलंच होतं म्हणा ते… ठरलं नव्हतं? मग… बरं. बरं बाई. आधी कागद तर सापडू दे. कुठे ठेवलायस?

स्कॅन करून, कॉम्प्युटरवर, तुझ्या डॉक्युमेंट्समध्ये. लावतो, थांब. त्याला उठायला वेळ लागतो, माझ्यासारखाच आहे.

आला. दोन गोल आलेत, एक तुझा, एक माझा. तुझ्यात तो फोटो आहे, गच्चीवरचा, केस उडतायत तो… अगं सांगितलं नव्हतं का तुला? मागे हा फारच रेंगाळायला लागला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने तुझं अकाउंट उडवलं. म्हणाला, कोणी वापरत नाही. घरी आणून लावतो तर स्क्रीनवर मी एकटाच. नाही बघवलं मला. मग बसलो आणि तुझ्यासाठी नवीन उघडलं. नाव तेच, स्पेलिंग तेच, फोटो तोच… हस. हसायला काय जातंय तुझं.

पासवर्ड? तुझा जुना नाही चालत आता. खाली साइन-इन ऑप्शन्स म्हणून आहे ना, तिथे एक किल्लीचं चित्र आणि एक आकड्यांचं. मी आकड्यांचं ठेवलंय, पिन… कोणता म्हणजे? तू गेलीस ती तारीख.

वाढदिवस कशाला? तो सगळ्यांना माहीत असतो… हो, हो… अगं ऐक ना, दुसरा आकडा सुचलाच नाही मला तेव्हा. बदलू का?… मग राहू दे.

उघडलं… रिकामं आहे. अगं रिकामं म्हणजे रिकामं, डॉक्युमेंट्समध्ये काहीच नाही… नीटच बघतोय. चष्मे विकतो मी.

कोण बोलतंय मागे?… अच्छा, तुझी खोलीतली मैत्रीण, कॉम्प्युटरवाली. उठवलंस बिचारीला? काय म्हणतेय?… सी ड्राइव्ह. युजर्स. हं… हो, तुझ्या नावाचे दोन फोल्डर आहेत. एकाला नुसतं नाव, दुसऱ्याला पुढे शेपूट. जुना उघडू?… परवानगी नाही म्हणतोय. घ्या. तुझ्याच अकाउंटमध्ये बसलोय, तुझ्याच नावाचा फोल्डर, आणि मला म्हणतो परवानगी नाही. तुझ्यापेक्षा हट्टी आहे हा.

हळू सांग… राइट क्लिक. प्रॉपर्टीज. सिक्युरिटी. हं, वाचतो. ‘अकाउंट अननोन’ असं लिहिलंय. आणि पुढे एस, एक, पाच, एकवीस, मग नुसते आकडे, ओळभर… हा कोण अनोळखी?

तू?

परत सांग बरं, सावकाश… म्हणजे कॉम्प्युटरला नावाशी काही घेणंदेणं नाही. पहिल्यांदा अकाउंट उघडलं तेव्हा त्याने तुला हा नंबर दिला आणि तो तेवढाच ओळखतो. मी तेच नाव घातलं, तोच फोटो लावला, तरी त्याच्या लेखी ही बाई नवीन… आणि जुना नंबर परत नाही देत? विचार ना तिला… कधीच नाही?

काही नाही. ऐकतोय… नाही गं, वाईट वाटायचंय काय त्यात? यंत्र आहे ते.

वाटलं. खोटं कशाला बोलू. परवा व्हिडिओवर तू विचारलंस ना, ही मागे खिडकी दिसतेय ती कुठल्या खोलीची? आपल्या झोपायच्या खोलीची होती ती. मी काही बोललो नाही तेव्हा… तू थकली होतीस, मला माहीत आहे. पण तेव्हापासून धास्ती बसलीय. आणखी दोन वर्षांनी दारात उभी राहशील, नाव तेच, चेहरा तोच, आणि आपण दोघं पाहुण्यांसारखे बोलत बसू. एवढंच. बोललो, झालं. पुढे काय करायचं?

माझ्या अकाउंटमधून? का?… अॅडमिन मी आहे म्हणून. बघ, या घरात कुठेतरी माझं चालतं… हं, तुझ्यातून बाहेर पडलो, माझ्यात आलो. फोल्डरच्या मालकाच्या नावापुढे ‘चेंज’. माझं नाव टाकलं. खाली टिक. ओके… फिरतंय. फायलींची नावं धावतायत नुसती.

उघडला.

अगं, काय काय ठेवलंयस यात. कुंड्यांचे फोटो. आईच्या डोळ्यांचे रिपोर्ट. ‘दुकानाची पाटी फायनल’, ‘पाटी फायनल दोन’, ‘आता खरंच फायनल’… रडत नाहीये. नाक वाहतंय.

सापडलं सर्टिफिकेट. शिक्का दिसतोय, सही दिसतेय… वाचलं मी. ‘नवजात बालकांच्या विभागात अत्यंत मायेने…’ चांगलं लिहिलंय गं तुझ्याबद्दल. तिकडेही तेच काम देतायत का आता?… सगळा विभाग? तुझ्या हाताखाली? हे कुठे बोललीस तू?… मला वाईट वाटेल म्हणून? वेडी आहेस.

मेलला जोडलंय. दाबलं नाही अजून… ऐक ना. नाही, आधी मला बोलू दे, मग तू म्हणशील तसं. मला तू इथे हवी आहेस. जेवताना, भांडताना, दुकानातून उशिरा आलो की तोंड फुगवून बसलेली. तुला अडवायला नाही सांगत हे. पण सांगितलं नाही तर तुला वाटेल, इथे माझं छान चाललंय. छान नाही चाललेलं… हं. आता तू सांग. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला. पाठवू?

…हॅलो? आहेस ना?

बरं.

नाही, ऐकलं मी. ‘पाठव’ म्हणालीस… पाठवतो.

गेलं.

रडू नकोस आता, तसेच डोळे घेऊन जाशील त्या तान्ह्या पोरांसमोर… अगं, रागावलो असतो तर पाठवलं असतं का? मिळालं? उघडून बघ, उलटं नाही ना आलं?… बरं झालं. छान सांभाळ तो विभाग. मनापासून म्हणतोय.

हॉर्न कोणाचा?… हॉस्पिटलची गाडी. जा मग… थांब, एकच. सही करायच्या आधी सुट्टीचं विचार… विचारलंस? कधी?… किती?… तीन आठवडे. सलग?

चालतील की.

…नाही. नाही पुरणार. तीन आठवडे कुठे पुरतात. पण ये तू.

हो. ठेव.