झाकणाला कुलूप

मास्तर: पंप बदलायचा नाही, आधीच सांगून ठेवतो. दोन गॅरेजवाल्यांनी दोनदा बदललाय.

गॅरेजवाली: मी अजून बॉनेटसुद्धा उघडलं नाहीये, मास्तर.

मास्तर: उघडाल तेव्हा बघा. प्रत्येक पार्टवर नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. बायकोची बाटली संपवली. माझा पार्ट काढून दुसरा बसवलात तर लगेच कळेल.

गॅरेजवाली: नशीब, माझ्या कपाळावर नाही लावलात. गाडी बंद कधी पडते?

मास्तर: घरून निघालं की वीसेक मिनिटांनी. आचके देते आणि रस्त्याच्या मधोमध मान टाकते. दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवली की काही झालंच नाही अशी सुरू! सोंग करते सोंग.

गॅरेजवाली: गाड्या सोंग करत नाहीत हो.

मास्तर: तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात येरझाऱ्या घातल्यात मी. 'मी नाही त्यातला' सगळेच म्हणतात.

गॅरेजवाली: मग इथेच उभे राहा. टाकी आणि पंपाच्या मध्ये ही आरपार दिसणारी नळी लावलीय. पेट्रोल येतं की नाही, स्वतःच बघा. मी इंजिन चालू ठेवते.

(वीस मिनिटांनंतर)

मास्तर: अहो, बुडबुडे आले! धार बारीक झाली! पंपच गेला ना?

गॅरेजवाली: पंप बिचारा जीव तोडून ओढतोय. टाकीच सोडत नाहीये. पडली बघा बंद. आता टाकीचं झाकण उघडा.

मास्तर: झाकणाचा काय संबंध?

गॅरेजवाली: उघडा तर.

मास्तर: थांबा, किल्ली काढतो. जरा तिकडे तोंड करा.

गॅरेजवाली: किल्ली कुठे ठेवता तेही बघायचं नाही? हं, वळले.

मास्तर: अरेच्चा! फुस्स झालं.

गॅरेजवाली: हवा आत गेली. मारा स्टार्टर.

मास्तर: झाली की सुरू!

गॅरेजवाली: बंद करा आता. हे झाकण या गाडीचं नाही.

मास्तर: चार दुकानं फिरून आणलंय. कुलपाचं. मजबूत.

गॅरेजवाली: मजबूतच आहे, मुंगीसुद्धा शिरायची नाही. जुन्या झाकणाला बारीक भोक होतं, हवेसाठी. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड येतं का? दुसरं पाडावंच लागतं. पण कुलूप लागलं कशाला?

मास्तर: घरचा मामला आहे.

गॅरेजवाली: बरं बाई, राहिलं.

मास्तर: धाकटा भाऊ. गाडी दोघांची, निम्मी निम्मी. तो वर राहतो, मी खाली. उभ्या गाडीतलं पेट्रोल कमी व्हायला लागलं. त्याच्याकडे स्कूटर आहे.

गॅरेजवाली: एवढ्यावरून?

मास्तर: अंगणात पेट्रोलचा वास यायचा! आणि झाकण लावलं त्या दिवसापासून उभ्या गाडीत पेट्रोलचा काटा जागचा हलला नाही. आणखी काय पुरावा हवा? चोर म्हणालो त्याला, तोंडावर. त्याची पोरगी शेजारीच उभी होती. पाच महिने झाले, जिन्यात समोर आलो तर पाठ फिरवतो.

गॅरेजवाली: मास्तर, खाली वाका जरा. हा टॉर्च धरा. टाकीखालची रबरी नळी दिसतेय?

मास्तर: चिरलीय.

गॅरेजवाली: झाकण उघडंच आहे. बघत राहा.

मास्तर: थेंब पडला. अजून एक.

गॅरेजवाली: घरी गाडी फरशीवर असते?

मास्तर: मातीत.

गॅरेजवाली: तिथेच जिरत होतं. वास त्याचाच.

मास्तर: मग झाकण लावल्यावर कसं थांबलं?

गॅरेजवाली: तेलाचा डबाच की. वरून हवा नाही, तर खालून थेंब नाही.

मास्तर: ही चीर तुम्ही आत्ता पाडली नाहीत कशावरून?

गॅरेजवाली: तुमचाच लाल ठिपका आहे तिच्यावर. रंग चिरेच्या आत उतरलाय, नीट बघा. तुम्ही ठिपका लावलात तेव्हा ती होतीच. कडा तर कधीच्या काळ्या पडल्यात.

मास्तर: मी बोटाने लावला होता. बोटाला लागली कशी नाही?

गॅरेजवाली: तुम्ही चोर शोधत होतात ना.

मास्तर: मला एवढं कागदावर लिहून द्याल? नळी चिरली होती म्हणून. खाली सही करा. त्याला दाखवतो.

गॅरेजवाली: नळीचं देते की लिहून. पण त्याला चोर मी नव्हतं म्हटलं, मास्तर.

मास्तर: फोन उचलायचा नाही तो.

गॅरेजवाली: लावून तर बघा. तोवर मी नळी बदलते. ठिपका मारून घ्या नंतर.

मास्तर: नको, नको. राहू दे आता... हॅलो. दादा बोलतोय. ठेवू नकोस रे. नाही, गाडी बंद पडली म्हणून नाही केला. ऐक. पोरगी घरात आहे का? तिला जवळ बोलाव. तिच्यादेखत सांगायचंय मला.