अण्णांचा बिनलिफ्टचा गाळा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या सेवा विभागाचे प्रमुख साहेब, व्यासपीठावर विराजमान असलेल्या हिशेब विभागाच्या मॅडम, कामगार संघटनेचे सचिव, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आणि आम्हा सर्वांचे अण्णा, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी आणि त्यांची लेक, माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो, आणि मागे दाराशी उभे राहून चहाचा अंदाज घेणाऱ्या मित्रांनो, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी अण्णांच्या कामाचा यथोचित गौरव केला. साहेबांनी तर त्यांना कंपनीचा आधारस्तंभ म्हटलं. मी त्यात भर घालणार नाही, कारण अण्णा आधीच लाजून लाल झालेत, आणि आणखी कौतुक केलं तर ते उठून थेट मशीनरूममध्ये जातील. लिफ्ट बंद पडलेली नसली तरी जातील. आयोजकांनी मला वेळ ठरवून दिली आहे, विषय दिलेला नाही. तेव्हा मी अण्णांच्या लिफ्टबद्दल न बोलता त्यांच्या दुकानाच्या गाळ्याबद्दल बोलणार आहे. अण्णा, असं बघू नका. वहिनींची परवानगी काढली आहे.

आमचं काम ठाऊक नसलेली मंडळीही इथे आहेत, म्हणून दोन शब्द सांगतो. लिफ्टच्या दुरुस्तीला आम्ही जोडीने जातो. अण्णा गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, आणि मी अगदी तळाला, लिफ्टखालच्या खड्ड्यात. वरचा माणूस काय करतोय ते खालच्याला दिसत नाही, आणि अख्खी लिफ्ट माझ्या डोक्यावर टांगलेली असते. म्हणून अण्णांनी एक शिस्त घालून दिली. ते फोनवर म्हणाले, 'मेन स्विच बंद केलाय, तू बाहेर येईपर्यंत चालू करणार नाही,' की मी ते सगळं माझ्या तोंडाने परत सांगायचं. नुसतं 'हो' चालत नाही. 'बरं' चालत नाही. 'ठीक आहे' तर मुळीच नाही. नुसतं 'हो' म्हणणाऱ्याने नेमकं काय ऐकलं ते कळत नाही, असं अण्णांचं म्हणणं. सुरुवातीला मला याचा भयंकर वैताग यायचा. पण आज मी तुमच्यासमोर धडधाकट उभा आहे, तो त्या वैतागाच्या कृपेने.

आता मूळ गोष्टीकडे येतो. काही वर्षांपूर्वी अण्णांच्या वडिलांचं घर भावंडांनी मिळून विकलं आणि अण्णांच्या वाट्याला बऱ्यापैकी रक्कम आली. आपल्या कंपनीत पेन्शन नाही, हे साहेबांसमोर बोलू नये, पण साहेबांनाही ती नाही, म्हणून बोलतो. तेव्हा ती रक्कम म्हणजे अण्णा-वहिनींचं पुढचं सगळं आयुष्य. वहिनी त्या वेळी कपडे धुण्याच्या एका कारखान्यात इस्त्रीच्या कामावर होत्या. हॉटेलांच्या चादरी, रुग्णालयांचे कोट. सकाळी गेल्या की संध्याकाळपर्यंत उभ्या. तिथे खुर्ची ठेवतच नाहीत, कारण बसून चादरीला इस्त्री होत नाही. घरी येईपर्यंत गुडघे सुजलेले असायचे, आणि मग कठडा धरून, मध्ये थांबत, तीन मजले चढायचे. ज्या माणसाने अख्ख्या शहराला जिने चढण्यापासून वाचवलं, त्याच्या स्वतःच्या इमारतीत लिफ्ट नाही. अजूनही नाही.

पैसे जागेत गुंतवायचे, एवढं अण्णांचं पक्कं होतं. समोर दोन पर्याय आले. एक होता जुन्या बाजारातला तळमजल्याचा गाळा. लहानसा, पण रस्त्यावरचा. भाडेकरू मिळाला की दर महिन्याला पैसे हातात. किंमत मात्र मुंगीच्या पावलांनी वाढणार, हे एजंटने स्वतःच सांगितलं, आणि एजंट स्वतःहून असं सांगतो तेव्हा ते खरंच असतं. दुसरा पर्याय शहराच्या पार टोकाला. नवी कोरी इमारत, नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. आजूबाजूला मोकळं रान, रस्ता अर्धवट, इतक्या लांब राहायला भाडेकरू यायची शक्यता जवळजवळ नाही. पण पुढे तिथे मोठं रुग्णालय येणार, रस्ता रुंद होणार, आणि दहा वर्षांत किंमत दुप्पट, कदाचित त्याहूनही जास्त. आता मला सांगा, तुम्ही काय निवडलं असतं?

मी सांगतो, आमच्या धंद्यातला माणूस कसं निवडतो ते. अण्णा मला दोन्हीकडे घेऊन गेले. गाळ्यात शिरले, सवयीने वर बघितलं, वर नुसतं छत होतं. 'यात बघायचं काय?' म्हणाले आणि बाहेर पडले. नव्या इमारतीत मात्र लिफ्टचं दार उघडलं आणि अण्णांचा चेहराच बदलला. त्यांनी खिशातून एक नाणं काढलं आणि लिफ्ट कितपत हादरते ते बघायला ते जमिनीवर कडेवर उभं केलं. आम्ही नवव्या मजल्यावर गेलो, नाणं उभं. खाली आलो, नाणं उभं. पुन्हा वर गेलो. फ्लॅट दाखवायला आलेली मुलगी चावी हातात घेऊन नवव्या मजल्यावर ताटकळत होती, आणि आम्ही दार उघडून, तिच्याकडे बघून हसून, परत खाली जात होतो. पाणी किती वेळ येतं, उजेड कुठून येतो, शेजार कोण, कशाची म्हणून चौकशी नाही. खिडक्या कुठल्या बाजूला आहेत, असं मी विचारलं, तर अण्णा म्हणाले, 'दार कसं लागतं ते ऐकलंस का?' फ्लॅटमध्ये आम्ही उभ्या उभ्या डोकावलो आणि अण्णांनी इसार कधी द्यायचा तेवढं विचारून घेतलं.

मी त्यांना अडवलं का? छे. मीही वाढीच्याच पक्षातला. माझा शहराबाहेर एक प्लॉट आहे. त्याची किंमत इतकी वाढली आहे की नातेवाईक माझं अभिनंदन करतात, आणि स्कूटरच्या पेट्रोलला मी बायकोकडे हात पसरतो. प्लॉटचा एक कोपरा विकून महिन्याचा किराणा भरता येत नाही, ही त्यातली छोटीशी अडचण आहे. पण मला पगार चालू आहे, त्यामुळे अजून ती अडचण विनोदातच खपते.

इसार द्यायच्या आदल्या दिवशी आम्ही उभयता अण्णांकडे चहाला गेलो होतो. अण्णांनी वहिनींना सगळी योजना समजावून सांगितली. फ्लॅट घ्यायचा, दहा वर्षं त्याला हात लावायचा नाही, वाढू द्यायचं, मग विकायचा, लेकीला घर घ्यायला मदत करायची आणि आपण दोघांनी निवांत बसायचं. अगदी मन लावून सांगितलं. वहिनी कपबश्या गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "बरं." अण्णा खूश होऊन माझ्याकडे वळले.

इतक्या वर्षांची सवय हो, तोंडातून निघून गेलं. मी म्हटलं, "अण्णा, 'बरं' चालत नाही."

ते हसले. मीही हसलो. पण नियम त्यांचाच, तो मोडवेना. ते वहिनींना म्हणाले, "अगं, मी काय म्हणालो ते तुझ्या तोंडाने सांग बघू."

वहिनींनी कपबश्या खाली ठेवल्या. त्या चिडल्या नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगतो. शांतपणे म्हणाल्या, "फ्लॅट घ्यायचा. दहा वर्षं त्यातून काही येणार नाही. तुमचा पगार त्याच्या कितीतरी आधी बंद होणार. मग घर माझ्या इस्त्रीवर चालणार. मी साठी ओलांडेपर्यंत उभं राहायचं, मग फ्लॅट विकायचा, आणि मग मी बसायचं. बरोबर सांगितलं ना?"

अण्णा यातलं एक वाक्यही बोललेले नव्हते. पण सगळी योजना त्यांचीच होती, त्यात वहिनींनी पदरचं काही घातलं नव्हतं. मंडळी, मी अण्णांना तुटलेल्या दोराखाली शांत उभं राहिलेलं बघितलंय. त्या दिवशी मात्र त्यांनी वहिनींनी खाली ठेवलेल्या कपबश्या स्वतःच गोळा करायला घेतल्या. शेवटी म्हणाले, की हे सगळं लेकीसाठीच चाललंय. तेव्हा ही आपली कन्या, जी आज इतक्या साळसूदपणे पहिल्या रांगेत बसली आहे, ती शिकत होती. ती आतून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, मला कमवायला अजून तीस वर्षं आहेत. वाढायची वाट मी बघीन की. आईने कशाला बघायची?"

दुसऱ्या दिवशी इसार दिला गेला. गाळ्याचा.

इथे गोष्ट संपली असती तर फार छान झालं असतं. पण भाडं काही आपल्या सोयीने सुरू होत नाही. पहिला भाडेकरू मोबाइल दुरुस्त करणारा. सगळं ठरलं आणि ऐन वेळी तो दुसरीकडे गेला. त्यानंतर कितीतरी महिने गाळ्याचं शटर बंदच. कर मात्र भरावा लागत होता. आणि तिकडे, शहराच्या टोकाला, त्या इमारतीचे भाव खरोखरच वाढायला लागले. त्यांच्या जाहिरातींचे फलक लागले, आणि कंपनीच्या गाडीतून जाताना अण्णा एकूण एक फलक मला मोठ्याने वाचून दाखवायचे. वहिनी अजून उभ्याच होत्या. पण त्या सगळ्या काळात अण्णांनी वहिनींना 'तुझ्यामुळे' असं एकदाही ऐकवलं नाही. असे नवरे फार नसतात. माझी पत्नी तिसऱ्या रांगेतून मान डोलावते आहे, त्याची मी नम्रपणे नोंद घेतो.

अण्णांनी काय केलं, तर सुट्टीच्या दिवशी ते गाळ्यावर जाऊन बसू लागले. भिंती रंगवल्या. रंगवून झाल्या, आता करायचं काय? मग शटर खोललं. लिफ्टवर जेवढा जीव लावला तेवढा त्या शटरवर लावला. स्प्रिंग बदलली, पट्ट्या सरळ केल्या, वंगण दिलं. साहेब, मी खोटं सांगत नाही, ते शटर एका हाताने वर जातं आणि जिथे सोडाल तिथे थांबतं. आजूबाजूचे दुकानदार येऊन बघायला लागले. मग आपापली शटरं दाखवायला लागले. त्यांच्यापैकीच एकाने दोन बहिणींना तिथे पाठवलं. दोघी चष्मे बनवतात, दुकानासाठी जागा शोधत होत्या. थोरलीचा खांदा अपघातात दुखावलेला. तिने बरेच गाळे बघितले होते, पण रोज सकाळी शटर उचलणार कोण, हा प्रश्न होता. इथे तिने धड असलेल्या एका हाताने शटर वर केलं, मागे वळून धाकटीकडे बघितलं, आणि आत न शिरताच भाड्याचं बोलायला सुरुवात केली. आमच्या अण्णांसारखंच झालं म्हणायचं, जागा न बघताच पसंत. फक्त या वेळी ते जमून गेलं.

पण वहिनी हुरळून जाणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, वर्षभर सलग भाडं येऊ दे, मगच मी काम सोडीन. वर्षभर भाडं आलं. एकही महिना चुकला नाही. गेल्या आठवड्यात वहिनींनी कारखान्यातली आपली इस्त्री दुसरीच्या हवाली केली.

आता इथली तरुण मंडळी, ज्यांचे पुढचे पगार अजून बाकी आहेत, त्यांनी माझ्या भाषणाचा उलटा अर्थ काढू नये. तुमच्याकडे वर्षं आहेत, तुम्ही जरूर वाढीकडे बघा. माझा प्लॉटही बघायला या, चहा पाजतो. फक्त तोवर घर कोण ओढणार, हे घरातल्या माणसाला विचारा, आणि त्याने 'बरं' म्हटलं तर तिथे थांबू नका.

अण्णा काही या गाळ्यामुळे श्रीमंत झालेले नाहीत. भाडं पगाराएवढं नाही, हात जरा आखडूनच चालावं लागेल. पण साहेबांनी आत्ताच जाहीर केलं, की नव्या मुला-मुलींना शिकवायला अण्णा आठवड्यातून दोनदा इथे येणार आहेत. शटरांची कामं आहेतच. लेकही पुढच्या महिन्यापासून नोकरीवर रुजू होते आहे. मला या घराची काळजी वाटत नाही. अण्णा, खड्ड्यात उतरल्यावर वरून तुमचा आवाज येणार नाही, याचं मात्र मला वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय, आणि ते मी तुमच्या तोंडावर सांगतोय.

संयोजकांनी मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी माझी वटवट सहन केली, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, थट्टा कुणाला लागली असेल, साहेबांसमोर पेन्शनचा विषय निघाला तो तर निघालाच, या सगळ्याबद्दल मोठ्या मनाने क्षमा करावी.

आज कामाचा वार आहे, भर दुपार आहे. या वेळेला कारखान्यात हॉटेलांच्या चादरींचा ढीग पडतो. मी मघापासून बघतोय, वहिनी खुर्चीला टेकून, पाय पुढे पसरून बसल्या आहेत. आता अण्णांसाठी आपण सर्वांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या आहेत. सगळ्यांनी उठावं, ही विनंती. वहिनी, तुम्ही बसा.